गालिचा आधी पालथा घाला : इराणी गालिच्यांची घराणी आणि नक्षी कशी ओळखावी

गालिच्याच्या दुकानात एक ठरलेला खेळ चालतो. तुम्ही बसता, चहा येतो, दोन पोरं खांद्यावरून गुंडाळ्या आणतात आणि एका झटक्यात तुमच्या पायाशी उलगडतात. एकावर एक, आठ-दहा. दर वेळी सुलटी बाजू वर. मालक नावं घेत जातो : हा तब्रीझ, हा काशान, हा कोम, अस्सल रेशीम. तुम्ही मान हलवता, कारण दुसरं करणार काय? मीही बरीच वर्षं नुसती मानच हलवत होते. मग कधीतरी कोपरा उचलून मागे बघायची सवय लागली आणि दुकानातल्या गप्पांचा सूरच बदलला.

इथे तीच सवय लावायची आहे. क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी पाठ, मग झालर, गाठी, रंग, नक्षी आणि गावाचं नाव सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण नक्षीची नक्कल कुठेही होते. काशानची नक्षी काश्मिरात विणतात, हेराती नक्षी उत्तर प्रदेशातल्या भदोहीत, आणि यंत्रावर तर सगळ्याच. विणण्याची रीत मात्र हातात मुरलेली असते, ती सहजी बदलत नाही.

सुरुवातीलाच एक दिलासा. या विषयाची फारसी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. इराणात मोठ्या गालिच्याला 'काली' म्हणतात आणि लहानाला 'कालीचे', तोच आपला गालिचा. रोजच्या बोलण्यातला शब्द 'फर्श', म्हणजे अंथरलेलं. आपल्याकडे येऊन तो दगडाचा झाला आणि फरशी म्हणून राहिला. विणकरासमोर चौकटीच्या कागदावर रंगवलेला आराखडा टांगलेला असतो, त्याला ते 'नक्शे' म्हणतात. तो आपला नकाशा. आणि नमाजाच्या गालिच्यावरची 'मेहराब' म्हणजे आपली महिरप.

पायरी १ : पाठ बघा

एक कोपरा उचला आणि हातभर भाग उलटा करा. पुढची नक्षी मागेही रंगांसकट स्पष्ट दिसली पाहिजे. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात लोकरीचा प्रत्येक तुकडा उभ्या धाग्यांना मागून वेढून पुढे येतो, त्यामुळे पाठ ही नक्षीची दुसरी प्रतच असते.

मागे कापड चिकटवलेलं असेल तर बाकीच्या पायऱ्या करायची गरजच नाही. तो 'हँड-टफ्टेड'. ताणलेल्या कापडात पिस्तुलासारख्या अवजाराने लोकर खुपसायची, ती निसटू नये म्हणून मागून लॅटेक्सचा डिंक फासायचा आणि डिंक झाकायला वर कापड लावायचं. 'हातानेच केलाय हो' हे विक्रेत्याचं म्हणणं खोटं नसतं, पण त्या गालिच्यात एकही गाठ नसते. काही वर्षांनी डिंक सुकतो आणि गालिचा उचलला की खालून भुसा निघायला लागतो.

यंत्रावरचा गालिचा जरा फसवतो, कारण त्याच्याही पाठीवर नक्षी दिसते. तिथे लव, म्हणजे वरचे उभे मऊ तंतू, बोटांनी फाकवून बुडाशी बघा. हातच्या गालिच्यात प्रत्येक तुकड्याच्या मुळाशी गळ्यातल्या तन्मणीसारखी घट्ट बसलेली एक आडवी गाठ दिसते. यंत्राच्या गालिच्यात धागा नुसता वळसा घालून वर येतो. शिवाय हाताच्या कामात ओळी किंचित वाकड्या असतात, एखादं फूल शेजारच्यापेक्षा गाठभर उंच असतं, एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर रुंद असतं. यावरून दुकानात एक गोष्ट हमखास ऐकवतात, की परिपूर्ण फक्त ईश्वर, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक ठेवतो. मला ती कधी पटली नाही. लाखो गाठी मारणाऱ्या माणसाला चूक मुद्दाम कशाला करावी लागेल?

पायरी २ : झालर आणि कडा

झालर ही सजावट नव्हे. ती ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची उरलेली टोकं आहेत. गालिच्याचा सांगाडाच तिथे उघडा पडलेला असतो. म्हणून झालर हातात धरून बघा, ती आतून आली आहे की वरून शिवली आहे. शिवलेली असली तरी लगेच निकाल देऊ नका. जुन्या गालिच्याची झालर झिजते आणि दुरुस्तीत नवी लावतात. अशा वेळी शेवटचा शब्द पाठीचा.

झालर कशाची आहे यावरून अर्धा पत्ता लागतो. पांढरा सुती ताणा म्हणजे बहुधा शहर किंवा मोठं गाव. तिथे माग उभा असतो, सूत ताणलं तरी लांबत नाही, गालिचा सरळ बसतो. लोकरीचा ताणा म्हणजे बहुधा भटक्या जमाती : फार्स प्रांतातले कश्काई, खोरासानातले बलुच, तुर्कमेन. त्यांच्या घरात कापूस नाही, मेंढ्या आहेत. त्यांचा माग जमिनीवर आडवा असतो आणि तळ हलला की खुंट्या उपटून सगळं उचलून न्यावं लागतं. म्हणून त्यांचे गालिचे लहान, अरुंद आणि थोडे तिरके. तो तिरकेपणा मला स्वतःला फार आवडतो, पण सोफ्याच्या काटकोनात बसवायचा असेल तर आधी मापून घ्या. रेशमी ताणा कोम आणि इस्फहानच्या उंची मालात मिळतो.

आता दोन ओळींच्या मधला आडवा धागा, बाणा. काशानच्या जुन्या गालिच्यांत तो बऱ्याचदा निळा रंगवलेला असतो. हमदानच्या आसपासच्या खेड्यांत दोन ओळींमध्ये बाणा एकदाच फिरवतात, त्यामुळे पाठीवर ताण्याचे पांढरे ठिपके एकाआड एक, सोंगट्यांच्या पटासारखे दिसतात. एकदा पाहिलेत की दहा फुटांवरून ओळखाल. केरमानात बाणा तीनदा जातो. बिजारचं तर वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे पुढे येते.

पायरी ३ : गाठ कुठली, आणि किती

गाठी दोन जातीच्या. तुर्की गाठीत लोकर ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढते आणि दोघांच्या मधून वर येते. फारसी गाठीत ती एका धाग्याला पूर्ण वेढते आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते, म्हणून एका बाजूला उघडी राहते. इराणात दोन्ही चालतात. तब्रीझ, हेरीझ, बिजार, हमदान या तुर्की आणि कुर्दी भाषकांच्या पट्ट्यात तुर्की गाठ. इस्फहान, काशान, नाईन, कोम, केरमानात फारसी. गंमत अशी की फारसी गाठीला व्यापारात 'सेन्ने गाठ' म्हणतात, आणि सेन्ने, म्हणजे आजच्या सनंदज गावात, विणतात तुर्की गाठीनेच.

ओळखायचं कसं? गालिचा आडव्या ओळीवर दुमडा आणि उघड्या पडलेल्या बुडाशी बघा. दोन्ही बाजूंनी बंद, आडव्या पट्टीसारखी दिसली तर तुर्की. एका बाजूला झुकलेली असेल तर फारसी. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच कळणार नाही. भिंग ठेवा जवळ.

मोजणीत सगळ्यात मोठी चूक इथे होते. ताण्याचे दोन्ही धागे एका पातळीत असतील तर एक गाठ पाठीवर दोन उंचवट्यांसारखी दिसते. ते दोन मोजले की गाठी आपोआप दुप्पट! शेजारी-शेजारी एकाच रंगाचे दोन उंचवटे सगळीकडे जोडीनेच येत असतील तर ती जोडी म्हणजे एक गाठ. बारीक रेघ शोधा, एका गाठीच्या रुंदीची, आणि तिच्यावरून ठरवा.

मग पट्टी ठेवा. तब्रीझचे लोक सुमारे ७ सेंटिमीटरमध्ये किती गाठी बसतात ते मोजतात आणि त्याला 'रज' म्हणतात. ५० रज म्हणजे ७ सेंटिमीटरला ५० गाठी, म्हणजे सेंटिमीटरला साधारण ७, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये सुमारे ५ लाख १० हजार. २ बाय ३ मीटरचा गालिचा धरला तर ३० लाखांच्या वर गाठी झाल्या. सराईत विणकर दिवसाला ८ हजार गाठी मारतो असं धरा. एकट्याचं वर्षभराहून जास्त काम होतं, तेही एक दिवस न चुकता. किमतीचा अंदाज घ्यायला हा हिशेब दुकानात बसल्या-बसल्या करून बघावा. कोणी तुम्हाला ७० रजचा मोठा गालिचा भाजीच्या भावात देऊ करत असेल तर रज तरी खोटा आहे किंवा गालिचा तरी.

नाईनचा हिशेब वेगळा आणि उलटा. तिथे 'ला' मोजतात, म्हणजे झालरीच्या एका दोऱ्यात किती धागे पिळलेत ते. ९ ला जाडा, ६ ला बारीक, ४ ला फारच तलम. आकडा लहान तितका माल उंची. हे दुकानात तुम्हीच करून पाहू शकता : झालरीचा एक दोरा उलगडायचा आणि धागे मोजायचे.

पण गाठींच्या संख्येची भक्ती करू नका. हेरीझचा गालिचा मोजणीत कोमपुढे काहीच नाही, तरी तीन पिढ्या तुडवला जातो. नक्षी सरळ रेषांची असेल तर तिला जास्त गाठी लागतच नाहीत. खरी लबाडी वेगळीच, 'जुफ्ती' गाठ. जुफ्त म्हणजे जोडी. दोन धाग्यांऐवजी चार धाग्यांवर एकच गाठ मारायची, की काम अर्ध्यात उरकतं आणि लव विरळ पडते. मशहद आणि खोरासानच्या मालात हे विशेष बघावं, तेही मोठ्या एकरंगी भागात, कारण लपवायला तीच जागा सोयीची.

पायरी ४ : लोकर आणि रंग

तळवा गालिच्यावरून एका दिशेने फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत लागेल, दुसरीकडे खरखरीत. लव एका बाजूला निजलेली असते, आणि फारसीत या कलाला 'खाब' म्हणतात, म्हणजे झोप. लव ज्या टोकाकडे निजते तिथून विणायला सुरुवात झालेली असते. घरात अंथरताना याचा उपयोग आहे. एका टोकाकडून गालिचा उजळ दिसतो, दुसऱ्याकडून गडद. दुकानात दोन्हीकडून फिरून बघा आणि दारातून आत येणाऱ्याला कुठलं रूप दिसावं ते ठरवा.

जुने रंग थोडक्या वस्तूंतून निघत. लाल 'रोनास'च्या मुळांतून, ही आपल्या मंजिष्ठेची चुलत बहीण. निळा निळीचा. पिवळा रानटी झुडपांतून आणि डाळिंबाच्या सालीतून, तपकिरी अक्रोडाच्या सालीतून. काळ्या-तपकिरीसाठी लोखंडाचा क्षार वापरत आणि तो लोकर हळूहळू खातो. म्हणून खूप जुन्या गालिच्यात काळा भाग खोल गेलेला आणि शेजारचे रंग उठावात राहिलेले दिसतात. बोट फिरवलं तर जाणवतं. हे वय नकली करणं अवघड असतं.

उलट सोप्या नकला बऱ्याच. नव्या गालिच्याला रसायनात धुऊन 'जुना' करतात. लव फाकवून बघा : टोकाला फिका आणि बुडाशी एकदम भडक रंग असेल तर तो धुलाईचा किंवा उन्हाचा परिणाम. मग पांढरा ओला रुमाल लाल भागावर मिनिटभर घासा. रुमालावर रंग आला तर घरी पहिल्यांदा पाणी सांडेल तेव्हा काय होईल ते समजून घ्या.

एकाच निळ्या जमिनीवर, म्हणजे नक्षीमागच्या सपाट रंगावर, मध्येच आडवा पट्टा वेगळ्या छटेचा दिसला तर दचकू नका. त्याला 'अबराश' म्हणतात. लोकर थोडी-थोडी रंगवली की दर घाण्याला छटा बदलते. भटक्यांच्या आणि खेड्यांच्या गालिच्याला त्याने जिवंतपणा येतो. मात्र अगदी सारख्या अंतरावर, मोजून-मापून आलेला अबराश हा कारखान्यातला साज असतो.

रेशमाची परीक्षा एकच खात्रीची. परवानगी घेऊन लवीचे दोन-चार तंतू काढा आणि जाळा. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि त्याची चुरगळणारी काळी गोळी होते. नकली रेशीम म्हणून वापरतात ते व्हिस्कोस कागदासारखं भुरकन जळतं आणि राख उरते. 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क' ही सगळी त्याचीच गोंडस नावं.

पायरी ५ : आता सुलटा करा आणि नक्षी वाचा

आधी दहा पावलं मागे जा आणि फक्त मांडणी बघा. मधोमध मोठं पदक आणि चार कोपऱ्यांत त्याच पदकाचे चतकोर असतील तर ती 'लचक-तुरंज'. तुरंज म्हणजे महाळुंगाच्या जातीचं फळ, लचक म्हणजे त्रिकोणी रुमाल. पदक नाही, सगळीकडे फुलं विखुरलेली असतील तर 'अफशान', शिंपडलेली. वर महिरप असेल तर 'मेहराबी'. जमीन चौकटी-चौकटींत वाटलेली आणि प्रत्येक चौकटीत वेगळं झाड, सुरू किंवा फूल असेल तर 'खेश्ती'. खेश्त म्हणजे वीट, आणि ही वाफे पाडलेली बाग आहे. घोडेस्वार आणि पळणारी हरणं असतील तर 'शिकारगाह'.

मग रेषा बघा. वळणदार की तुटक? गाठींचं जाळं हा मुळात चौकटीचा कागद आहे. त्यावर गोल वेल काढायला गाठी फार दाट लागतात आणि समोर नकाशा लागतो. जुन्या कारखान्यांत एक जण तो नकाशा सुरात वाचत असे, तीन लाल, एक पांढरा, दोन निळे, आणि मागावर ओळीने बसलेले विणकर त्या सुरावर गाठी मारत. भटकी बाई मात्र आठवणीने विणते, आईने दाखवलेलं आणि वाटेत दिसलेलं. तिची रेषा तुटक, पायऱ्यापायऱ्यांची. दोन्हींत उच्च-नीच काही नाही. ख्याल आणि ओवी यांची तुलना कोणी करत नाही.

माझी आवडती परीक्षा कोपऱ्याची. काठाची वेल कोपऱ्यावर वळते कशी ते बघा. शहरी गालिच्यात ती आधीच आखलेली असते आणि ४५ अंशांत सुबक वळते. खेड्यातल्या गालिच्यात आडवा काठ उभ्या काठावर नुसता आदळतो, अर्धं फूल तिथेच कापलं जातं. कोणी 'अस्सल कारखान्याचा इस्फहान' म्हणत असेल आणि कोपरा असा आदळलेला असेल, तर चहा संपवा आणि उठा.

शेवटी एकेक आकृती. सगळ्यात जास्त भेटणारी 'हेराती' : मध्ये फूल, त्याभोवती शंकरपाळीसारखी चौकट आणि बाहेर चार वाकडी पानं. ही पानं माशांसारखी दिसतात म्हणून इराणात तिला 'माही' म्हणतात. मराठ्यांच्या इतिहासात माही-मरातबाचा मान वाचलेल्यांना माही म्हणजे मासा हे सांगायला नको. दुसरी 'बोते', आपली कोयरी. पैठणीच्या पदरापासून रांगोळीपर्यंत ती आपल्याला भेटते. केरमानात आधी शालींवर ती विणली जाई, तिथून गालिच्यावर आली. तिसरी 'शाह-अब्बासी', आडवं कापलेल्या कमळासारखं मोठं, पाकळ्यांच्या कडा उलगडलेलं फूल. शाह अब्बास पहिला १५८८ ते १६२९ गादीवर होता, १५९८ मध्ये त्याने राजधानी इस्फहानला हलवली, आणि दरबारी कारखान्यांच्या त्या काळाचं नाव या फुलाला चिकटलं. 'इस्लीमी' म्हणजे दुभंगलेल्या पानांची वेल, 'खताई' म्हणजे कळ्या-फुलांची वेल, आणि 'मीना-खानी' म्हणजे जाळीत बांधलेली मोठी गोल फुलं.

प्रत्येक आकृतीचा ठरीव अर्थ सांगणाऱ्या याद्यांपासून मी चार हात लांब राहते. सुरू म्हणजे अमरत्व, मोर म्हणजे अमुक, बोते म्हणजे ज्वाला किंवा बदाम किंवा थेंब. विणणाऱ्या बाईच्या मनात आईची नक्षी असू शकते, ग्राहकाची मागणी असू शकते.

पायरी ६ : मग नाव

इतकं सगळं टिपून झालं की गावाचं नाव बरंचसं आपोआप पुढे येतं. गाण्यातल्यासारखीच ही घराणी आहेत : ताना कोणीही उचलतो, आवाज लावायची पद्धत लपत नाही.

तब्रीझ : तुर्की गाठ, सुती ताणा, मोजणी रजात. इथला विणकर टोकाला हूक असलेली सुरी वापरतो, त्याने धागा ओढला की गाठ झटकन बसते. पदक, माही, शिकारगाह, चित्रं, काय हवं ते तब्रीझ विणतं. म्हणूनच नुसत्या नक्षीवरून तब्रीझ सांगता येत नाही.

तब्रीझच्याच पूर्वेला हेरीझ. शहरी पदकच, पण सगळी वळणं सरळ रेषांत मोडलेली, जणू तुरंज सुताराने पटाशीने घडवलं आहे. विटकरी लाल, गडद निळा, जाडजूड अंग. व्यापारी जुन्या बारीक हेरीझला 'सेरापी' म्हणतात आणि किंमत वाढवतात. वापरायला गालिचा हवा असेल, घरात पोरं आणि कुत्रं असेल, तर माझं मत हेरीझलाच.

बिजार कुर्दांचा. ओला बाणा घालून लोखंडी फणीने ठोकून-ठोकून बसवतात, त्यामुळे गालिचा फळीसारखा ताठ होतो. उचलला की वजनाने कळतोच. याची घडी कधीही घालू नका, आतले धागे मोडतात. गुंडाळीही सैलच हवी.

काशान म्हणजे लचक-तुरंजचं शास्त्रोक्त रूप : लाल जमीन, गडद निळे कोपरे, नाजूक वेली, फारसी गाठ. काशान आणि फार्स या दोन परंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या. शेजारचं कोम त्या मानाने नवखं, १९३० च्या दशकात तिथे गालिचे सुरू झाले, आणि आज ते रेशमासाठी ओळखलं जातं. नवखं असल्यामुळे स्वतःची जुनी नक्षी नाही. सगळ्यांचं उचललं आणि बारीक केलं. नाईनही विसाव्या शतकातलंच. आधी तिथे लोकरीचे झगे विणत, त्यांचा बाजार पडला तेव्हा तेच बारीक काम करणारे हात गालिच्याकडे वळले. साय, फिका निळा, खाकी, आणि फुलांना रेशमाची पांढरी किनार. इस्फहान नाईनचा थोरला भाऊ : रेशमी ताणा, रंग अधिक भरलेले, वेल जास्त लयदार.

केरमानची रेषा मऊ आणि रंग भरपूर. जवळच्या रावर गावाचं नाव व्यापाऱ्यांच्या तोंडी बिघडून 'लावर' झालं. लेबलावर ते दिसलं तर उंची केरमान समजा. सतराव्या शतकातल्या केरमानी कामाचा एक वेलीदार गालिचा २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३७ लाख डॉलरला गेला.

सारूक हे इराणातलंच आणखी एक विणकामाचं गाव, आणि त्याची गोष्ट तर पाठ बघायला शिकवणारीच आहे. १९२०-३० च्या सुमाराला अमेरिकेत गडद गुलाबी सारूकला मागणी होती आणि इराणातून येणारा लाल त्यांना भडक वाटे. म्हणून तिथे गालिचे धुऊन रंग उतरवत आणि कुंचल्याने जमिनीवर गडद गुलाबी रंग भरत. पुढून गुलाबी, मागून मूळचा वेगळाच लाल. कोपरा उचलला की बिंग फुटतं.

भटक्यांमध्ये कश्काई सगळ्यात खेळकर : पदकाच्या भोवती बकऱ्या, पक्षी, कुठेतरी एक बाई, जागा उरली की अजून एक कोंबडी. बाजारात हे 'शिराझ' म्हणून विकले जातात, कारण विकायला तिथे येतात. त्याच मुलखातला 'गब्बे' जाड लवीचा, मोठ्या सपाट रंगांचा, कधी मधोमध नुसता एक सिंह. वर आलेली खेश्ती बाग ही बख्तियारी जमातीची खूण. बलुच गडद, लाल-काळा-उंटरंगी, बऱ्याचदा महिरपीचा. लाल जमिनीवर अष्टकोनी 'गुल'च्या रांगा दिसल्या की दुकानदार 'बोखारा' म्हणेल. ते विक्रीच्या बाजाराचं नाव. विणणारे तुर्कमेन, आणि आजचा बराचसा 'बोखारा' पाकिस्तानातला.

पायरी ७ : तारीख विणलेली असेल तर

काठात कधीकधी चार आकडे सापडतात. गालिच्यावर साल हिजरी असतं. जुन्या गालिच्यावर बहुधा चांद्र : आकड्याला ३३ ने भागा, आलेलं उत्तर त्यातूनच वजा करा आणि ६२२ मिळवा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रसिद्ध अर्दबील गालिच्यावर ९४६ आहे. ९४६ मधून २९ गेले, ९१७ राहिले, ६२२ मिळवले की १५३९. त्यावर हाफिजच्या ओळी आणि मकसूद काशानी हे नाव विणलेलं आहे. साडेदहा मीटर लांबीचा हा गालिचा संग्रहालयाने १८९३ मध्ये २ हजार पौंडांना घेतला. विसाव्या शतकातल्या गालिच्यावर सौर साल असू शकतं, तिथे नुसते ६२१ मिळवा.

आणि तारखेच्या गाठी भिंगाखाली धरा. फारसी २ आणि ३ यांत फक्त एका दात्याचा फरक आहे. तो एक दाता उपटून जमिनीचा रंग भरला की १३०० चे १२०० होतात आणि गालिचा शंभर वर्षांनी म्हातारा. पाठीवर तेवढ्याच जागी लोकर नवी दिसते.

आपल्याकडच्या खरेदीबद्दल

महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांत, बंगल्यांत 'इराणी' म्हणून जपलेला गालिचा इराणी असेलच असं नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेत, पुण्याच्या येरवड्यातही, आणि नक्षी बहुतेक वेळा फारसी. तो गालिचा कमअस्सल ठरत नाही, फक्त नाव वेगळं. नव्या मालात काश्मीरचा रेशमी गालिचा कोमच्या नावाखाली विकला जाणं नेहमीचं आहे. काश्मीरचा विणकर चित्राच्या नकाशावरून नव्हे, 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीच्या कागदावरून विणतो. काम उत्तमच असतं. फक्त बिलावर काय लिहिलंय ते वाचा. 'पर्शियन डिझाइन' आणि 'इराणमध्ये विणलेला' यांत किमतीचा मोठा फरक असतो. बिलावर देश, ताणा कशाचा, लव कशाची आणि माप, एवढं लिहून मागा. मापात 'दोझार' ऐकलंत तर साधारण २ मीटर बाय १ मीटर ३० समजा.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथे इराणी गालिच्यांची आयात २०१० मध्ये बंद झाली, २०१६ मध्ये खुली झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा बंद. मुंबईहून किंवा दुबईहून सामानात टाकून नेण्याआधी त्या वेळचा नियम बघा.

घरी आणल्यावर

वर्षातून दोनदा फिरवून टाका, म्हणजे ऊन आणि पाय सगळीकडे सारखे पडतात. व्हॅक्यूम खाबाच्या दिशेने, ब्रश बंद करून, आणि झालरीपासून वीतभर लांब. पाणी किंवा चहा सांडला तर घासू नका, पांढऱ्या सुती फडक्याने दाबून टिपा. ठेवून द्यायचा तर पूर्ण सुकवून, सुती चादरीत गुंडाळा. प्लास्टिकमध्ये कोंडलेला गालिचा कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बुरशी धरतो. कसर लोकर खाते ती अंधारात, जिथे कोणी चालत नाही अशा जागी : सोफ्याखाली, कपाटाच्या पायाशी. महिन्यातून एकदा सोफा हलवा, तेवढा भाग उलटा करा आणि पाठीवर बारीक वाळूसारखे कण किंवा पांढरी जाळी दिसते का ते बघा. दिसली तर दोन्ही बाजूंनी झाडून सकाळच्या उन्हात टाका, पाठ वर करून.